लाल पेनाशिवाय गणित

बाळांनो, तुमची आई पाचवीत असताना आम्ही कोपरीत राहत होतो. तिला अपूर्णांक जमत नव्हते. एक उदाहरण चुकलं की ती रडायची आणि गणिताची वही गादीखाली लपवायची. सहामाही परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

हीच मुलगी टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेममध्ये दहादा मरायची आणि हसत पुन्हा सुरू करायची. ते पाहून मी बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर अपूर्णांकांचा गेम आखला. पट्टीने रेघा ओढून आठ लेव्हल केल्या, प्रत्येकीत उदाहरणं घातली आणि तीन लाइफ दिल्या; एक चूक झाली की एक लाइफ जायची. पहिल्याच दिवशी ती तिसऱ्या लेव्हलपर्यंत पोचली. मला राहवलं नाही. तिच्या वह्या तपासायच्या सवयीने मी खाली लाल पेनाने शेरा लिहिला, ‘निष्काळजीपणा टाळावा.’

दुसऱ्या दिवशी ते पानही गादीखाली सापडलं.

"अगं, आता काय झालं?"

"आई, गेममध्ये शेरा नसतो. मेलं की परत सुरू, बस्स! तू तर आमच्या बाईंसारखंच करतेस."

मी नवं पान आखलं आणि लाल पेन कपाटात ठेवून दिलं. ती चुकली की फक्त "पुन्हा" म्हणायचं, एवढंच ठरवलं. ते सोपं नव्हतं. ओठांवर आलेलं कितीदा तरी गिळलं.

सहामाहीचा तपासलेला पेपर तिने स्वतःहून माझ्यापुढे ठेवला. "दोन लाइफ गेल्या, पण लेव्हल पार!"

त्या दोन चुका कशा टाळता आल्या असत्या, ते मला लगेच दिसलं. मी निळ्या पेनाने नुसती सही केली.