खंडोजीने बसवलेला पत्रा

के. आर. पुरम या उपनगरात खंडोजीचं गॅरेज बावीस वर्षं चाललं. निपाणीहून आलेला हा माणूस नुसतं ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचा. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांत भीमाचार्य होते, निवृत्त शिक्षक. आठवड्यातून तीनदा पहाटे ते बायकोला, वसुमतीअक्कांना, डायलिसिससाठी मारतहळ्ळीच्या इस्पितळात नेत.

गेल्या डिसेंबरात ते आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. "खंडोजी, सकाळी चालू केली की फार गुरगुरते. खालच्या घरात तान्हं बाळ आहे, ते दचकून उठतं. आवाज स्वल्प कमी कर."

"आचार्य, हा बिघाड नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑइलही घट्ट असतं. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान बघून हवेची एक झडप जास्त उघडतो. हवा वाढली की पेट्रोलही वाढतं आणि इंजिन पळतं. तापलं की झडप हळूहळू मिटते, आवाज उतरतो. चार मिनिटं कळ काढा."

"त्या बाळाची आई रोज दारात येऊन उभी राहते रे. काही बोलत नाही, नुसती उभी राहते."

शेवटी हवा कमी जावी म्हणून खंडोजीने झडपेच्या वाटेत बारीक भोकाचा पत्रा बसवला. तापलेलं इंजिन शांत चाललं. थंड इंजिनाला तेवढी हवा पुरते का, हे बघायचं तर गाडी सकाळपर्यंत ठेवून घ्यायला हवी होती. पण सकाळी डायलिसिस होतं. त्याने चावी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या रस्त्याला लागताना आचार्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि थंड इंजिन बंद पडलं. मागून टँकर आला. आचार्य जागीच गेले, अक्कांचा खुबा मोडला.

पोलिसांनी टँकरचालकाला धरलं. खंडोजीला कुणी काही विचारलं नाही. आठ दिवस तो घरात बसून राहिला. नवव्या दिवशी इस्पितळात जाऊन त्याने अक्कांना सगळं सांगितलं.

 त्या म्हणाल्या, "घराच्या फाटकापाशीच गाडी दोनदा बंद पडली होती. मी म्हटलं, ऑटोने जाऊ. ते म्हणाले, कालच खंडोजीने बघितलीय." मग त्यांनी विचारलं, "असं होईल हे तुला ठाऊक होतं?"

"होऊ शकतं, एवढं ठाऊक होतं, अक्का."

"मग जा आता."

तो तिथून पोलीस ठाण्यात गेला. इन्स्पेक्टर म्हणाले, "टँकरवाल्याने अंतर ठेवलं नव्हतं. तू कशाला मध्ये पडतोस?"

"गाडी तुमच्या आवारातच आहे, सर. झडप खोलून बघा. पत्रा सापडेल."

पत्रा सापडला. टँकरचालकाला जामीन मिळाला, खंडोजीवरही गुन्हा नोंदला गेला. गॅरेज बंद झालं; आता तो दुसऱ्याकडे टायर बदलतो. खटला चालू आहे. साक्षीसाठी अक्का वॉकर टेकत कोर्टात येतात. त्यांना बघून खंडोजी उठून उभा राहतो. त्या त्याच्याकडे न बघता पुढच्या बाकावर जाऊन बसतात.