गायरानावरचा दवाखाना

१९५७ साल. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण कुणापुढं मान खाली घालायची सवय नव्हती. अजून नाही.

आमचं गाव चाकणजवळ. पुण्याच्या एका डॉक्टरला खाजगी दवाखाना काढायचा होता, आणि त्याला सडकेलगतचं आमचं गायरानच हवं होतं. गाव कबूल झालं. अट एकच, गावच्या माणसाला औषधपाणी फुकट. डॉक्टरनं खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून शब्द दिला. देवापुढं शब्द झाल्यावर कागद कोण मागतो? आम्हाला तर कागद मागणं म्हणजे देवाचाच अपमान वाटला.

पायाचे दगड आमच्याच बैलगाड्यांनी ओढले. पाणी गावच्या विहिरीचं. वर धर्मादाय काम म्हणून पंचायतीनं दवाखान्याची घरपट्टी माफ केली. बरं, केली तर केली. पण मग दिवाबत्तीला पैसा पुरेना म्हणून आमची पट्टी वाढवली! मातीच्या भिंतीवाल्यानं भरायची आणि मंगलोरी कौलांच्या दवाखान्याला माफी. डोकं फिरेल नाहीतर काय!

त्याच पावसाळ्यात बाबांच्या पायाला नांगराचा फाळ लागला. पाय सुजून टरटरला, जखमेला वास यायला लागला. गाडीत घालून दवाखान्यात नेलं. कंपाउंडर म्हणाला, "आधी पैसे भरा. फुकटची खाट एकच आहे, ती भरलीय."

मी आत डोकावलो. खाटेवर औषधांची खोकी रचलेली.

"खोकी खाली ठिवा की."

"डॉक्टरसाहेबांना विचारावं लागेल. ते उद्या सकाळी येतील."

"तवर पाय सडंल. आरं, ही जागा आमची हाय! हितं माझ्या म्हशी चरत हुत्या."

तो हसला. "मग घेऊन या म्हशी. त्यांना करू दाखल."

तसाच सरपंचाकडं गेलो. तो पान जुळवत म्हणाला, "धर्मादाय हाय ते. तिथं पंचायतीचं काय चालत न्हाई, भावा."

"पट्टी माफ करताना बरं चाललं!"

त्यानं पान तोंडात घातलं. बोलायचा प्रश्नच मिटला.

घरी बाबा कण्हत म्हणाले, "पाया पडू नगंस कुनाच्या." पडणार नव्हतोच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबांना गाडीत निजवलं, मागं दोन्ही म्हशी बांधल्या आणि गाडी दवाखान्याच्या फाटकात आडवी घालून बैल सोडले. म्हशी व्हरांड्याच्या खांबाला बांधून वैरण टाकली. कंपाउंडर पळत आला. म्हटलं, "काल तूच बोलावलंस. घे दाखल करून."

डॉक्टरची मोटार आली, ती फाटकाबाहेरच अडली. तो उतरला, बाबांचा पाय बघितला, मग म्हशींकडं बघितलं, आणि कंपाउंडरवर खेकसला, "खोकी काढ आधी!"

बाबांना आत नेलं. मोटारीला वाट म्हणून गाडी तेवढी बाजूला घेतली. म्हशी मात्र दुपारपर्यंत तिथंच चारल्या.