खिल्लारेनं केलेली यादी

पुंडलिक खिल्लारे गेल्याचं त्याच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, त्याला आता पाच आठवडे होतील. मी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून टोचतो. कशानं गेला, हे मी विचारलं नाही. विचारलं, "मातीला किती लोक होते?" तो म्हणाला, "लय होते काका. रिठदच्या रस्त्यावर जीपा लावाले जागा नव्हती." फोन ठेवला तेव्हा मला दुःख व्हायला हवं होतं. आधी हेवा वाटला... ऐंशी पार केलेल्या माणसाला मेलेल्या माणसाचा हेवा वाटला. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघं एकाच वर्षी तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. तेव्हा वाशिम हा जिल्हा नव्हता, आमचा कलेक्टर अकोल्याला बसायचा. माझे वडील गावालगतच्या मळ्यात वांगी-टमाटे पिकवत. खिल्लारेचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबत. त्यांनी छप्पन साली धम्म घेतला आणि पोराला शाळेतून काढायचं नाही असं ठरवलं. माझं अक्षर कचेरीत सगळ्यांत देखणं होतं, मसुदे माझ्याकडून लिहून घेत. पण व्हरांड्यात आलेला माणूस माझ्या टेबलाशी थांबत नसे. "खिल्लारे बाबू कुठी बसतेत?" असं मलाच विचारून पुढं जाई. माझ्या जळण्यात जातीचंही विष होतं. ते तेव्हा मी स्वतःशी कबूल केलं नाही. आज करतो.

आणीबाणीच्या काळात एक वेगळीच तपासणी आली. एरवी साहेब यायचे, दप्तर पाहायचे, जेवून जायचे. या वेळी कलेक्टरसाहेब स्वतः बघणार होते की कचेरीत लोकांची कामं वेळेवर आणि हात ओले न करता होतात की नाही. तहसीलदारांनी तयारी माझ्यावर सोपवली. अव्वल कारकुनाची जागा रिकामी होणार होती, त्यामुळे मीही जीव ओतला. भिंतींना चुना दिला, दप्तरांचे लाल रुमाल धुऊन घेतले, नोंदवह्यांना नवे पुठ्ठे चढवले. प्रश्न उरला तो जुन्या अर्जांचा. फेरफाराचे, दाखल्यांचे, शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्याच्या भांडणांचे अर्ज कपाटामागं वर्षानुवर्षं पडून होते. मी सुचवलं, पोत्यांत भरून मागच्या कोठीत टाकू, तपासणी झाली की परत काढू. तहसीलदारांनी होकारार्थी मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. खिल्लारे तेवढा म्हणाला, "राऊत बाबू, साहेब तं संध्याकाळी जाईन. अर्जवाली बुढी उद्याही येईन. तिले काय सांगू?"

पोती कोठीत गेली. पण खिल्लारे रोज दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन कोठीत जाऊन बसायला लागला. आठवड्याभरानं मी त्याच्या टेबलावर एक यादी पाहिली. अर्जदाराचं नाव, गाव, अर्ज कधीचा, कोणाच्या टेबलावर अडला आणि का. पहिल्याच ओळीत त्यानं स्वतःचं नाव घातलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'माझ्या हातून विसरला गेला.' माझं नाव पुढं अकरा वेळा होतं. मी तहसीलदारांकडं गेलो आणि म्हणालो, हा माणूस कचेरीचं नाक कापणार आहे. तपासणीच्या दिवशी खिल्लारेला मेडशीकडं पिकांच्या पाहणीला धाडायचं ठरलं. आदेशाचा कागद मीच लिहिला. त्यानं तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि सकाळच्या एसटीनं गेला.

कलेक्टरसाहेब आले. त्यांनी भिंती पाहिल्या नाहीत, पुठ्ठे पाहिले नाहीत. सरळ व्हरांड्यात गेले आणि कामरगावहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईसमोर उभे राहिले. नवरा वारला होता, सातबाऱ्यावर तिचं नाव चढायचं होतं. काम कोणाकडं आहे, असं साहेबांनी विचारलं. तिनं खिल्लारेचं नाव घेतलं.

"झालं का काम?"

"नाही झालं," ती म्हणाली. "पण काहून नाही झालं ते त्यायनं सांगतलं. बाकीचे नुसतं उद्या ये म्हणत."

साहेबांनी खिल्लारेला बोलवायला सांगितलं. मी म्हणालो, तो दौऱ्यावर आहे. ते त्याच्या टेबलाशी गेले. यादी तिथंच होती, उघडी. त्यानं ती लपवली नव्हती आणि मलाही ती उचलायचं सुचलं नव्हतं. साहेबांनी उभ्यानं सगळी वाचली, पोती मागवली, आणि जाताना तहसीलदारांना म्हणाले, "या कचेरीत मला एकच प्रामाणिक कागद सापडला." मी त्या माणसाला तपासणीच्या वाटेतून बाजूला केलं, तरी तपासणी त्याचीच झाली... कामरगावच्या बाईचा फेरफार त्याच महिन्यात झाला.

तरी अव्वल कारकून मीच झालो, कारण ज्येष्ठता यादीत माझं नाव वर होतं. आता खिल्लारेच्या गोपनीय अहवालात पहिला शेरा माझा असे. मी लागोपाठ तीन वर्षं एकच शब्द लिहिला: 'साधारण'. विचार करून लिहिला. वाईट शेरा लिहिला तर तो कर्मचाऱ्याला कळवावा लागतो, साधारण कळवावा लागत नाही. माणूस तक्रार करू शकत नाही आणि बढतीही होत नाही. त्याच्या मागून आलेली माणसं त्याच्या पुढं गेली. त्याला हे कळलं होतं का, मला शेवटपर्यंत समजलं नाही. पुढं एसटी स्टँडवर भेटायचा तेव्हा माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. प्रत्येक वेळी सांगावं असं वाटायचं... आणि गाडी लागायची.

परवा रिठदला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, सुमनबाईंनी, पुढच्या खोलीत बसवलं. तिथं खिडकीपाशी एक लाकडी बाक आहे. निवृत्तीनंतर तो रोज सकाळी तिथं बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मी सुमनबाईंना त्या तीन शेऱ्यांबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यायच्यासमोर सांगाले पाह्यजे होतं, भाऊ."

तेवढ्यात दारात एक माणूस आला, हातात कोरा कागद. खिल्लारे बाबू गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. सुमनबाईंनी सांगितलं तेव्हा तो तिथंच उंबऱ्यावर बसला. मी बाकावर सरकलो, कागद घेतला आणि त्याच्या पांदण रस्त्याचा अर्ज माझ्या देखण्या अक्षरात लिहून दिला. त्यानं तो हातात धरून बराच वेळ न्याहाळला.

"खिल्लारे बाबू असंच लिहीत काय, जी?"

"नाही," मी म्हणालो. "ते याच्याहून सोपं लिहीत."