अमोनियाच्या जहाजावरून साहेबांची जिरवली

आज साहेबांची जिरवली, मंडळी!

जहाजं अमोनियावर चालतील का, हे आमची टीम तपासते. साहेब रोज माझ्या 'नाय'ची नक्कल करून सगळ्यांना हसवतात.

त्यांच्या ड्रॉइंगमध्ये गळती झाल्यावर खलाशांनी जमायची जागा वायू सोडायच्या पाइपाशेजारीच होती. माझे बाबा मुरबाडला बर्फाच्या कारखान्यात होते; तिथं बर्फ गोठवायला अमोनियाच वापरतात. अमोनिया सुटला की काठीवरचं फडकं बघायचं आणि वारा जिकडून येतो तिकडे पळायचं, हे आमच्या घरात पोरांनापण ठाऊक.

आज जहाजमालकांसमोर मी उठले, ड्रॉइंगवर त्या जागेवर बोट ठेवलं. "साहेब, इथं उभा राहिलेला एकपण वाचणार नाय." कोणी हसलं नाही.

चूक मला आठ दिवसांपूर्वीच दिसली होती. भरलेल्या खोलीसाठी राखून ठेवली.

तुमी आधी सांगितलं असतं?