बर्फाच्या समुद्रात सुती बंडी

आमचं घर पिंजाऱ्याचं. बोरी अरब गावच्या बाजारात गाद्या-रजया भरून द्यायचं दुकान. थोरला मुलगा मात्र मालवाहू जहाजावर खलाशी झाला. त्या वर्षी बोंडअळीमुळे दुकानात येणारा कापूस पिवळा, डागाळलेला होता. त्यातला पांढरा तेवढा वेचून मी त्याच्यासाठी जाड बंडी भरली, कारण त्याचं जहाज उत्तरेच्या टोकाकडून जाणार होतं.

"बर्फ वितळून तिथं नवा रस्ता निघाला, अम्मी. आता साऱ्यायची जहाजं घुसून राह्यली."

"पोलीस असते का तिथं?"

तो हसला. "कोनाची हद्द, कोनाचा धुरा कुठं, हेच ठरलं नाही अजून. भांडून राह्यले देश."

कंपनीने लोकरीचे कपडे दिले होते, पण ते टोचतात म्हणाला. मी म्हटलं, "मंग आतून माही बंडीच घाल."

दीड महिन्याने कंपनीचा फोन आला. मुलगा पाण्यात पडला होता. "शोधून राह्यले ना?" यांनी, त्याच्या अब्बांनी, तीनदा विचारलं. जहाज एका देशाचं, झेंडा दुसऱ्याचा, आणि त्या पाण्यावर दोन देशांचा हक्क. शोधायला जाणारी बोट परवानगीसाठी थांबली होती. शेताच्या धुऱ्यावरून आमच्याकडेही भांडणं होतात, पण विहिरीत कोणी पडलं तर आधी दोर टाकतात.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबतच्या खलाशाचा फोन आला. यांनी तो स्पीकरवर घेतला. मी दाराआड उभी होते. परक्यांशी मला बोलता येत नाही.

"दोर धरला होता त्यानं, चाचा. आम्ही वढला बी. पन लई जड झाला होता. हात सुटला त्याचा."

भिजलेली गादी दोन माणसांना उचलत नाही, हे पिंजाऱ्याच्या घरात लहान लेकरालाही ठाऊक असतं. लोकरीचं मला माहीत नव्हतं, कापसाचं माहीत होतं. बंडी भरताना फक्त थंडी डोक्यात होती, पाणी नव्हतं.

बोटीला परवानगी मिळाली तेव्हा तिथे नुसता बर्फ होता. चौथ्या दिवशी शोध थांबला.

लोक भेटायला आले. हे येईल त्याला सांगत, "अंगात मायची बंडी होती. थंडी नसन वाजली पोराले."

यांनी चाळीस वर्षं कापूस पिंजला आहे. बंडीचं बोलताना ते माझ्याकडे बघत नाहीत.