दरडीतलं जनावर

कोंबडखताचा वास आधी डोळ्यांना झोंबतो आणि नाकाला नंतर कळतो. वैशाखातली सकाळ होती, उन्हाला अजून धार चढायची होती, आणि एरवी या वेळी कुकडीच्या पात्रावरून येणारा वारा ओल्या वाळूचा आणि करंजाच्या फुलांचा मंद तुरट गंध घेऊन येतो. त्या दिवशी मात्र एसटीतून निमगाव सावाच्या मातीवर पाऊल ठेवताच त्या भपकाऱ्याने मला असं गाठलं, की पदर नाकाला लावून मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले. शी! माणसाने पीक काढण्यासाठी काय काय मातीत कालवावं याला काही मर्यादा? थांब्यावरच्या कट्ट्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्यांचे वाळलेले ओघळ, खाली पुड्यांचा खच, आणि त्यातच तोंड घालून उभी असलेली एक हडकुळी गाय. मला लवकर किळस येते, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. सासरचे लोक त्यावरून माझी यथेच्छ थट्टा करतात.

सासर माझं हेच. यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, आणि त्यांची बायको मंदा नदीकाठची जमीन कसतात. आम्ही दोघं पुण्यात राहिलो. मी तिथल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा सगळ्या नातेवाइकांआधी माझी ओळख झाली ती शेताच्या टोकाला नदीवर उभ्या असलेल्या दरडीशी. दोन पुरुष उंचीची ती मातीची भिंत मी इतकी वर्षं पाहत आले, आणि तिच्यासमोर बसले की माझी चिडचिड आपोआप शमत असे. तळाशी गोल गुळगुळीत गोट्यांचा थर: भरपूर पावसाचा, दुथडी वाहणाऱ्या नदीचा काळ. त्यावर फिकट पिवळी माती, तिच्यात चुनखडीचे बारीक-मोठे खडे. पाऊस हटत गेला, ओल वर चढून उन्हात सुकत राहिली, की मातीत असे खडे धरतात. त्याच्याही वर, हाताच्या वितीएवढा, पांढऱ्या राखेचा पट्टा. पूर्वेच्या समुद्रापलीकडे हजारो वर्षांपूर्वी एक ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख उडत उडत येऊन आमच्या कुकडीच्या काठावर उतरली. राखेवर पुन्हा तपकिरी माती, आणि सर्वांत वर भाऊजींचा कांदा.

अशा दरडींमधून पूर्वी हत्तींचे दात, रानबैलांची शिंगं निघाली आहेत. आमच्या दरडीने मात्र मला कधी काही दिलं नव्हतं. गेल्या दिवाळीत, पावसाने कडा थोडा ढासळल्यावर, त्या ढिगाऱ्यातून मला एका शिंगाचं मूळ दिसलं, माझ्या मनगटाहून जाड, काळपट. त्यामागे कवटी असणार, हे स्पर्शालाच कळत होतं. माझ्या छातीत जे काही झालं ते सांगता येणार नाही. बाळंतपणानंतर पोर पहिल्यांदा कुशीत घेताना झालं होतं तसंच काहीसं. पण वरून घसरलेल्या मातीने मूळचे थर झाकलेले होते. ते जनावर राखेच्या पट्ट्याखालचं, की वरचं? सगळं त्यावर अडलं होतं. वरचं असेल, तर राखेचं आभाळ झेलून, पुढचं दुर्भिक्ष सोसून ती जात या काठावर जगली. खालचं असेल, तर कथा वेगळी. म्हणून मी हात लावला नाही. उन्हाळ्यात जाणकार माणसं घेऊन येते, ढिगारा ब्रशाने बाजूला करू, तोवर एवढी भिंत राखा, असं भाऊजींना बजावून बजावून सांगितलं. हाड जागेवरून हललं, की ते मुकं होतं. भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, तुमी निर्धास्त ऱ्हावा. त्याला धक्का लागू द्यायचा न्हाई."

आणि आता, जाणकारांना बोलावण्याआधी एकदा पाहून घ्यावं म्हणून आलेली मी शेताच्या टोकाला उभी होते, आणि समोर दरडच नव्हती.

सपाट. नदीपर्यंत सपाट, उतरतं, पोकलेनच्या दातांचे ओरखडे अजून न बुजलेलं रान, त्यावर ठिबकच्या काळ्या नळ्या आणि नळ्यांच्या मधून पसरलेलं ते कोंबडखत, पिसांसकट, किड्यांसकट. गोटे, चुनखडी, राख, तपकिरी माती, सगळ्याचा काला झाला होता. इतक्या हजारो वर्षांचे उन्हाळे-पावसाळे एका दुपारी फावड्याने ढवळून त्यावर कोंबड्यांची विष्ठा टाकली होती या माणसांनी! बांधावर बसून मी पाणी प्यायले आणि तेही मला कसंसंच लागलं.

भाऊजी लगबगीने आले. चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही, उलट शाबासकीची वाट पाहत असल्यासारखे.

"तुमचं जनावर सुखरूप हाय, वहिनी," ते म्हणाले. "मशीन यायच्या आदल्या दिवशीच काढलं. मी सोता टिकाव घेतला. लोखंडी फावड्याखाली बैलाचं डोस्कं चिरडू द्यायचं व्हय? पाप लागंल की."

"कुठं आहे ते?"

"पुरलं की. लिंबाखाली. आपला सर्ज्या जिथं हाय, त्याच्याच शेजारी."

आमच्याकडे घरचा बैल गेला, तर त्याला कुणाच्या गाडीत घालून धाडत नाहीत. स्वतःच्या रानात खड्डा घ्यायचा, बायकांनी त्याचं तोंड धुवायचं, डोळे मिटायचे, कपाळाला हळद-कुंकू, अंगावर नवं फडकं, मग पोतंभर मीठ, आणि वर नारळ. सर्ज्याच्या वेळी मीही रडले होते. पण ज्या जनावराने नांगराचा फाळ कधी पाहिला नाही, ज्याला कुणी नाव ठेवलं नाही, त्याला या भल्या माणसांनी घरचा बैल समजून माती दिली होती. मला दिलेला शब्द भाऊजींनी पाळला होता, अगदी मनापासून पाळला होता, आणि त्या पाळण्यातच सगळं संपलं होतं.

"उकरा," मी म्हटलं.

"अवो, पुरल्यालं उकरत्यात का?"

"भाऊजी, उकरा म्हणते ना!"

त्यांनी उकरलं. आधी नारळ लागला, सडलेला, हात लावताच फुटला आणि आतून आंबूस पाणी आणि पांढऱ्या अळ्या बाहेर आल्या. मग चिकट झालेलं फडकं. मग मीठ, जवळच्या ठिबकच्या ओलीने विरघळलेलं, पुन्हा आळलेलं, आणि त्या मिठाने हाडाच्या प्रत्येक भेगेत शिरून ते आतून फोडून काढलेलं. हजारो वर्षं मातीत टिकलेली ती कवटी आमच्या तीन-चार महिन्यांच्या मायेने पापुद्रे पापुद्रे होऊन बसली होती. एक शिंग तेवढं ओळखू येत होतं. मी ते उचललं, तर कुंकवाने लाल झालेला चिखल कोपरापर्यंत ओघळला. मला त्या चिखलाची शिसारी आली, नारळाची आली, पिसांची आली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या माणसांचीही आली.

"एवढं तरी सांगा," मी म्हटलं. "तो पांढरा पट्टा होता ना, त्याच्या वर होतं हे, की खाली?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. "ढिगाऱ्यात व्हतं, वहिनी. नीट ध्येनात न्हाई." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा स्वर एकदम हळवा झाला. "तुमाला कुठं पायजे व्हतं?"

या प्रश्नाने माझा राग जिथल्या तिथे थिजला. मला कुठे हवं होतं! मला ते वर हवं होतं. इतकी वर्षं वर्गात मी त्रयस्थपणे थर वाचायला शिकवलं, पण दिवाळीपासून रोज झोपताना ते जनावर राखेच्या वरच्या मातीत चरताना दिसत होतं, कारण ते तगलं असेल तर आपणही तगू, अशी काहीशी भोळी आशा मी कुणालाही न सांगता बाळगली होती. "वर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग वरच व्हतं म्हना की," भाऊजी म्हणाले. "आमी कुठं न्हाई म्हनतोय? कुनी इचारलं तर सांगंन मी तसं. शपथेवर सांगंन."

छे! आणि तरीही मोह झाला, अगदी झाला. तेवढ्यात मागून मंदा आली, डोक्यावरचा पदर सावरत, हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. तांबं इतकं लखलखीत, की उन्हात त्याच्याकडे बघवेना.

"ताई, रागावू नगा," ती म्हणाली. "आमी त्याचं लई नीट केलं. मी सोता तोंड धुतलं त्याचं. डोळ्यांच्या खोबणीत गच्च पांढरी माती बसल्याली, पिठावानी. काडीनं कोरून कोरून काढली, तवा साफ झालं. लई ग्वाड माती, हाताला रवाळ. टाकवंना, म्हून भांडी घासाया ठिवली. ह्यो तांब्या बघा की कसा निघालाय."

मी तांब्याकडे बघत राहिले.

राख. दोन्ही डोळ्यांत राख. म्हणजे राख आभाळातून उतरली तेव्हा ते जनावर मरून, सडून, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी उरून उघड्या जमिनीवर पडलेलं होतं. राखेच्या आधी. पापुद्र्यांना चिकटलेल्या मातीत बोटं घालून पाहिलं तर चुनखडीचे खडेच खडे लागले. जाणकार म्हणतील, नंतर वाहून आलेली राख कशावरून नसेल? म्हणोत. पुरावा मोरीतून वाहून गेला होता आणि मला आता कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. जगाच्या अंतासारखा तो ज्वालामुखी, ते काळवंडलेलं आभाळ, ज्याला मी आजवर सगळ्या मरणांसाठी जबाबदार धरत आले, ते यायच्या आधीच इथे सगळं आटलं होतं. गाजावाजा नव्हता. एका वर्षी पाऊस थोडा कमी, दुसऱ्या वर्षी आणखी थोडा. जमिनीत एक खडा धरला, मग दुसरा. त्या जनावराला कळलंही नसेल की काही विशेष घडतं आहे.

मी हे मंदाला साध्या शब्दांत सांगितलं. तिने पदराचं टोक दातात धरून ऐकून घेतलं. भाऊजी खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. वाऱ्याची झुळूक आली आणि पुन्हा तो भपकारा आला. या वेळी मी पदर नाकाला लावला नाही, हात चिखलाने भरले होते.

"म्हंजी डोळं उगडंच ऱ्हायलं त्याचं," मंदा म्हणाली. "मिटायला कुनीच नव्हतं?"

"नव्हतं."

तिने सपाट रानावरून पार नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत नजर फिरवली. मग तिने विचारलं, "आन् आपल्या येळंला, ताई?"