कोट गाडीतच

ओहायोतल्या त्या मॉलमध्ये लोरेटाने उभा जन्म बूट विकण्यात घालवला. पुढे एकेक दुकान उठलं, कारंजंही आटलं, तरी ती रोज सकाळी तिथेच फेऱ्या मारायला यायची. बाहेर बर्फ पडत असला तरी कोट गाडीतच राहायचा. मॉल आतून उबदार असतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

या जानेवारीत मालकांनी मेल्या मॉलचा हीटरही बंद करून टाकला. लोरेटा हात काखेत घालून कुडकुडत चालत राहिली.

पहारेकरी डेल वैतागला. "बाई, हट्ट पुरे. कोट घेऊन या. पुढच्या आठवड्यात हे सगळं पाडणारच आहेत."

"मग तेव्हा घालीन," ती म्हणाली. "कोट बाहेर घालतात. मी अजून आत आहे."